कफताईची भीती

तिला सगळे कफताई म्हणायचे. तान्ह्या बाळाच्या छातीत कफ दाटला की डॉक्टर चिठ्ठी द्यायचे आणि ही स्कूटरवरून घरी येऊन बाळाची छाती मोकळी करून द्यायची, म्हणून कफताई. नाव काही कौतुकाचं नव्हतं, पण तिची तक्रारही नव्हती. तिचा नवरा म्हणायचा, "घरात पाल दिसली की ही खुर्चीवर चढते, आणि लोकांची तान्ही पोरं मात्र बिनधास्त हाताळते."

बिनधास्त वगैरे काही नव्हतं. थंडी पडली आणि पोरांमध्ये बारीक श्वासनलिका सुजण्याची साथ आली, की रोज सकाळी पहिल्या घराची घंटा वाजवतानाच तिच्या पोटात गोळा यायचा. फिजिओथेरपी शिकून इतकी वर्षं झाली, तरी तो गोळा काही गेला नव्हता. एवढीशी छाती, आणि तिच्यावर आपला पंजा. श्वास बाहेर जाताना हलकेच दाबायचं, आत यायला लागला की सोडायचं. दाब कमी पडला तर उपयोग नाही, आणि जास्त झाला तर? त्या 'तर'च्या पुढे ती विचारच करत नसे. चेहरा हसरा ठेवायचा, बाळाशी बोबडं बोलायचं, एवढं तिला जमलं होतं.

एका दुपारी ती शिवणवालीकडे गेली. शिवणवाली घरीच मशीन चालवायची; दोन खोल्या, त्यातली एक कापडांनी भरलेली. बाळ जेमतेम अडीच महिन्यांचं. आदल्या दिवशी कफताईने त्याच्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालून नाक साफ केलं होतं, छातीवर दाब दिला होता. पोरगं खोकलं, मनसोक्त रडलं, दूध प्यायलं आणि झोपलं. शिवणवाली तिला जिन्यापर्यंत सोडायला आली होती. "ताई, तुमच्या हाताला गुण आहे," म्हणाली होती.

आज दार तिच्या सासूने उघडलं. सासूबाई खुशीत होत्या. "आज कसं शहाण्यासारखं पडून आहे बघा. सकाळपासून रडणं नाही की काही नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा."

कफताईच्या काळजात चर्र झालं. चोंदलेलं पोर रडत नाही, तेव्हा ते बरं असतंच असं नाही. कधी कधी त्याच्यात रडायची ताकद उरलेली नसते.

"दूध?" तिने हात धुताधुता विचारलं.

"दोन घोट घेतो आणि सोडून देतो," शिवणवाली मशीनवरून उठत म्हणाली. "लंगोटही सकाळपासून कोरडाच आहे. छाती भरली असेल. काल कसा मोकळा झाला, तसंच करा ना."

कफताईने अंगडं वर केलं. दर श्वासाला बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. तिने सवयीने तळहात छातीवर ठेवला आणि दाबणार तोच बाळाचा श्वास थांबला. तिने अजून दाबलंही नव्हतं. हाताखाली काहीच हलेना. तिने झटकन हात उचलला, तळपायाला टिचकी मारली. बाळ दचकलं आणि श्वास पुन्हा सुरू झाला.

सासूबाईंना काही कळलं नव्हतं. कफताईची मात्र पाचावर धारण बसली होती.

"आज दाबायचं नाही," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "दवाखान्यात न्यायचं. आत्ता."

"अहो, पण हे कामावर आहेत," शिवणवाली गोंधळली. "ते आले की—"

"ते थेट तिकडे येतील. इमारतीत गाडी कोणाकडे आहे?"

खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला रात्रपाळी करून झोपला होता. सासूबाईंनी दार बडवून त्याला उठवलं. तो बनियनवरच गाडीत बसला, एक शब्द विचारला नाही. मागच्या सीटवर कफताई बाळाला उभं छातीशी धरून बसली, शेजारी शिवणवाली. प्रत्येक सिग्नलला कफताईला वाटे, इथेच होणार. एकदा श्वास पुन्हा थांबला. तिने पाठ चोळली, तळवा चोळला. बाळाचे ओठ निळसर झाले आणि मग कुठे एक बारीक कण्हणं ऐकू आलं. रस्ताभर ती जीव मुठीत धरून होती, आणि तो जीव तिचा एकटीचा नव्हता.

दवाखान्यात बाळाला आत घेतलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. दोघी बाहेर बाकावर बसल्या. शिवणवाली खाली बघतच बोलली.

"ताई, काल तुम्ही दाबलंत, त्याने तर नाही ना झालं?"

कफताईने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. "मला तसं वाटत नाही," ती म्हणाली. "पण मी शपथेवर नाही सांगू शकत."

शिवणवाली थोडी दूर सरकून बसली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तेव्हा शिवणवालीने तोच प्रश्न त्यांनाही विचारला. "नाही," त्या म्हणाल्या. "हा आजार तिसऱ्या-चौथ्या दिवशी असाच बळावतो. तुम्ही वेळेवर आणलंत, आता सांभाळू आम्ही." मग कफताईला बाजूला घेऊन त्या हलक्या आवाजात बोलल्या, "पण दाबून या आजारात फार काही साधत नाही, असंच आता बहुतेक अभ्यास सांगतात. नाक साफ करा, थोडं थोडं पाजायला शिकवा आणि नजर ठेवा. आज केलंत तसं."

कफताई मान हलवून निघाली. बाळ वाचेल या बातमीने जिवात जीव आला होता, पण पाय जड होते. ज्या हातांच्या गुणावर इतकी घरं विसंबली, त्या हातांचं आता काय करायचं? पुढचे काही दिवस तिने कुठलंच काम घेतलं नाही.

"सोडून दे," नवरा म्हणाला. "दुकानात माझ्या मदतीला ये."

"आणि पोरांकडे बघेल कोण?"

"तू म्हणालीस ना, हाताने काही होत नाही?"

"हाताने नाही," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

आठवड्याभराने मोबाईलवर शिवणवालीचा नंबर दिसला. कफताई नुसती त्याकडे बघत राहिली. फोन वाजून वाजून थांबणार, इतक्यात तिने उचलला.

"बाळ घरी आलंय," शिवणवाली म्हणाली. "पितो छान. पण जरा घरघरतो अजून. डॉक्टर म्हणाल्या, जाईल हळूहळू. दाबायला नको आहे, ताई. नुसतं येऊन थोडा वेळ बसाल? सासूबाई गावी गेल्यात; हे कामावर गेले की एकटीला त्याच्याकडे बघत बसायची भीती वाटते मला."

"मलाही वाटते," कफताई म्हणाली. आजवर कोणाच्या आईला तिने हे सांगितलं नव्हतं.

पलीकडे क्षणभर नुसती मशीनची घरघर. मग तीही थांबली.

"मग तर याच," शिवणवाली म्हणाली.