भाऊजींचा बर्फ

माझ्या मोठ्या दिरांचा पूर्वी उरणला बर्फाचा कारखाना होता. मासेमारीच्या होड्यांना बर्फ पुरवायचे. तो धंदा बसल्यावर त्यांनी पनवेलला रक्त तपासणीचं कलेक्शन सेंटर काढलं आणि पांढरा कोट घालून काचेच्या दारामागे बसायला लागले. घरात कुणाची साधी शुगर तपासायची असली तरी तिथेच जायचं, हा नियम. दुसरीकडे गेलं की भाऊजी तोंड फुगवून बसायचे आणि त्यांचा रुसवा अख्ख्या घराला काढावा लागायचा.

माझ्या आईला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हाही हाच नियम चालला. गाठ अशा जागी होती की सुई घालून तुकडा काढणं धोक्याचं. डॉक्टर म्हणाले, रक्तच पाठवू. गाठीतल्या मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात तरंगत असतात. ते सापडले आणि त्यात हवा तो बिघाड दिसला, तर केमोऐवजी रोजची एक गोळी पुरेल. आईने त्यातला 'गोळी' एवढाच शब्द धरून ठेवला. तिची बहीण केमोतच गेली होती, त्यामुळे तिला त्या नावाचीच धडकी भरायची.

रक्त काढलं त्या संध्याकाळी भाऊजींचा फोन आला.

"कुरिअरवाला उद्या येनार हाय. पन तू काय काळजी करू नको. मी सोताच्या हातान नळ्या बर्फात ठेवल्यान."

मी त्यांचे आभार मानले. ते आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आठवड्याने लॅबचा निरोप आला, नमुना तपासण्याजोगा नाही. मी लॅबला फोन लावला. पलीकडच्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, नळ्या बर्फात ठेवल्या होत्या का? त्या नळ्यांमध्ये पेशी जपणारं औषध असतं, म्हणे. रक्त काढल्यावर नळी हलकेच उलटसुलट करायची आणि खोलीतच ठेवायची. गारठवली तर रक्तातल्या चांगल्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए सगळीकडे पसरतो. तांदळात दोन खडे शोधत असताना वरून पोतंभर तांदूळ ओतावेत, तसं ते झालं होतं. नळ्यांच्या डब्यावर बर्फाच्या चांदणीवर लाल काट मारलेलं चित्रसुद्धा होतं. इतकं ठळक की शाळेत न गेलेल्या माणसालाही कळावं.

मी भाऊजींना हे सांगितलं तेव्हा घरात पाहुणे होते. ते शांतपणे म्हणाले, "रगत आमी नीटच पाठवलाय. तुजे आयशीचे रगतातच काय नाय, त्याला आमी काय करनार?"

उपचारांसाठी माझ्याकडे राहायला आलेली आई आतल्या खोलीत होती. तिने ते ऐकलं.

डॉक्टर थांबायला तयार नव्हते, केमो सुरू झाली. आईचे केस उशीवर राहायला लागले. वरणाच्या वासाने तिला उलटी व्हायची. दुसरा नमुना मी दुसऱ्या सेंटरवर दिला आणि त्या नळ्या कुरिअरवाल्याच्या हातात पडेपर्यंत तिथून हलले नाही. त्यात हवा तो बिघाड सापडला, आईला गोळी लागू पडली. ती महिनाभर आधीच सुरू झाली असती. तो महिना आईने बादलीवर वाकून काढला.

आई सुधारली, पण माझा राग काही उतरला नाही. मी भाऊजींशी भांडले नाही, अबोलाही धरला नाही. नात्यात कुठे हळद असली की थंड बाटल्यांच्या पिंपाजवळ उभी राहून मी चारचौघांत म्हणायचे, बर्फ भाऊजींना विचारून टाका हो, त्यांचा हात बसलाय. लोक कारण विचारायचे, मी हसत हसत सगळं सांगायचे. हळूहळू नात्यातली माणसं तपासणीला दुसरीकडे जाऊ लागली. भाऊजींना ते कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. मला फार बरं वाटायचं.

मग त्यांच्या मुलीला दिवस गेले. ती कोन गावात दिलेली, पहिलटकरीण. सोनोग्राफीत डॉक्टरांना बाळाच्या मानेमागे काही शंका आली आणि त्यांनी तसलीच तपासणी सांगितली. पोटातल्या बाळाच्या डीएनएचे तुकडेही आईच्या रक्तात तरंगतात. नळ्या त्याच जातीच्या. ती थेट माझ्याकडे आली.

"काकी, बाबांकडे नको. तू चल माझ्यासंगती."

मी गेले. रिपोर्टसाठी तिने माझाच नंबर दिला. भाऊजींना हे कळलं तेव्हा बापलेकीचं कडाक्याचं वाजलं, बोलणं बंद झालं. मग ते मला फोन करू लागले. रोज. आवाजातली सगळी ऐट गेलेली. नळ्या नीट ठेवल्या होत्या का, नमुना पोचला का, आला का काही. एकदा म्हणाले, "माजे डोल्याला डोला लागत नाय गो." मी म्हटलं, अजून काही नाही, भाऊजी.

एका सकाळी रिपोर्ट आला. धोका नाही, बाळ ठीक. मी तेव्हाच पुतणीला फोन केला. ती रडली, हसली आणि म्हणाली, काकी, बाबांना तूच कळव.

मी हो म्हटलं. आईला गोळी दिली, तिच्यासाठी मऊ भात लावला. दुपारी भाऊजींचा फोन वाजला, मी वाजू दिला. संध्याकाळी पुन्हा वाजला. आईने विचारलं, कुणाचा गं? मी म्हटलं, त्यांचाच. तिला रिपोर्ट ठाऊक होता. तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उद्या सांग," ती म्हणाली आणि भात पुढे ओढला.