विमानातली भाकर

"हे काय काढलंस? झाक आधी ते."

नागपूरहून दिल्लीला निघालेलं विमान. पंचाहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. माझ्या मांडीवर फडकं, फडक्यात ज्वारीच्या भाकरी, वर ठेच्याचा गोळा. गाठ मी अर्धीच सोडली होती. लसणाला तेवढी फट पुरली. तो चार रांगा पुढं जाऊन आला.

"विमानात बसलास तरी भाकरी सुटत नाही तुझी," शेजारी बसलेले माझे साहेब म्हणाले. "इथे नाश्ता देतात. तुमच्या लोकांच्या पोटाला गव्हाची सवय नसते म्हणा. पण चार माणसांत आलास, तर माणसासारखं खायला शीक."

पलीकडचा टायवाला हसला. मी गाठ पुन्हा मारली आणि फडकं पायानं खुर्चीखाली ढकललं.

तसा मी त्या दिवशी फार शहाण्यासारखा वागत होतो असंही नाही. मी सरकारी खात्यात ओव्हरसियर. साहेबांचा नेहमीचा माणूस तापानं पडला, म्हणून धरणाचे नकाशे सांभाळायला मला नेलं होतं. म्हणजे तिकीट खरं नकाशांचं, मी त्यांच्यासोबत. विमान सुटायच्या आधी हवाई सुंदरीनं गोळ्या आणि कापूस मांडलेलं तबक फिरवलं. मला वाटलं, लग्नात फिरवतात तसा अत्तराचा फाया. मनगटावर चोळला. हुंगला. तिनं हळूच स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. वऱ्हाडातला माणूस मी, कापूस वेचत मोठा झालो, आणि कापसानंच माझी फजिती केली.

ती फजिती मी अजून रंगवून सांगतो. लोक हसतात. पुढची कोणाला सांगत नव्हतो.

नाश्ता आला. ब्रेडचे त्रिकोणी तुकडे आणि केक. माझ्या खिशात मुंबईच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. गहू, मैदा, रवा, कणभरही नाही. रोगाचं नाव सिलिॲक. माझ्या आतड्याला गहू म्हणजे विष. एवढंच बोलायचं होतं, मला गहू चालत नाही.

नाही बोललो. साहेबांकडे बघत सगळे तुकडे खाल्ले. केकही खाल्ला. वर म्हणालो, "छान आहे."

काहून? ते सांगायला रिठदला, माझ्या गावी जावं लागतं.

मी आठ वर्षांचा होतो. माय पाटलाच्या गोठ्यातलं शेण काढायची. त्याबद्दल रोज शिळ्या पोळ्या मिळायच्या. गव्हाच्या. आमच्या वस्तीत गहू म्हणजे सण, आणि आमच्याकडे रोज सण. फक्त शिळा. माझी बहीण शांता चार वर्षांची. हातपाय काड्या, पोट घागरीसारखं. माय स्वतः भाकर खायची आणि पोळ्या आम्हा दोघांना द्यायची. गव्हानं अंग धरते म्हणायची. मला हगवण लागायची, पण मी दिवसभर शेतात, कुठं हुरडा, कुठं शेंगा खाऊन जगायचो. शांता घरीच. तिला पोळीच.

एकदा मी तिला कडेवर घेऊन पाटलाच्या मागच्या दारी गेलो. ती तिथंच ओकली. पाटलीणबाई उंबऱ्यातूनच बोलली.

"याईच्या पोटाले गहू नाही सोसत वं. जवारीचीच जात थे."

आणि टोपलीत पोळ्या टाकल्या.

आठ वर्षांचा होतो, पण ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. ठरवलं, बाईला खोटं पाडायचं. गुळाच्या पाण्यात पोळी कुस्करायचो आणि शांताला चारायचो. ती ओकली की पुन्हा चारायचो.

"दादा, बस झालं."

"खाय. नाही तर थे बाई खरी होते."

शहाणा भाऊ! अख्ख्या रिठदमध्ये असा शहाणा दुसरा नव्हता. शांता थंडीत गेली. शेवटच्या दिवशी तिच्या मुठीत पोळीचा तुकडा होता. मीच दिलेला. कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं बाहेरचं झालं. माय दुसऱ्या दिवशी पुन्हा शेण काढायला गेली.

छप्पन साली आम्ही धम्म घेतला. मायनं शिळं आणणं बंद केलं. वर्षभरात माझं पोट बरं झालं. मी सगळ्यांना सांगत सुटलो, मला धम्मानं बरं केलं. पुढं नोकरी लागली आणि पहिलं काम काय केलं? गव्हाचं पोतं घरी आणलं. दोन्ही वेळा पोळी. पाटलीणबाई मरून गेली होती, तरी तिला दाखवत होतो. पुन्हा वाळलो, पुन्हा हगवण. शेवटी मुंबईच्या दवाखान्यात नळीला लावलेली धातूची गोळी गिळायला लावली आणि आतड्याचा तुकडा काढून पाहिला.

"जन्माचा रोग आहे," डॉक्टर म्हणाले. "हा जातपात बघत नाही. घरात आणखी कोणाला होता?"

"नाही," मी म्हणालो.

मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. तरी नाही म्हणालो.

तर विमानात ब्रेड खाल्ला तो असा. दिल्ली आली तशी पोटात कळ उठली. संडासाकडे धावलो. दार ढकलत राहिलो, ते ओढायचं होतं. आत शिरेपर्यंत पँट भरली. त्या टीचभर खोलीत आरसा होता. पांढरे ओठ, खोल गेलेले डोळे. तो चेहरा माझा नव्हता. शांताचा होता. बस झालं, दादा.

बाहेर सगळे उतरायला उभे होते. मी भिंतीला धरत आलो, खुर्चीखालचं फडकं उचललं. साहेब टायवाल्याला म्हणाले, आवाज न दाबता,

"बघा. यांना कितीही वर बसवा, खालचं सुटत नाही."

दिल्लीत दोन दिवस खाटेवर पडून होतो. झोप लागली की गुळाचा वास यायचा. डोळे उघडले की पायथ्याशी कोणी बसल्यासारखं वाटायचं, लहानसं, पोट पुढं आलेलं. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचो.

परतीच्या विमानात शेजारी साहेबच. नाश्ता आला.

"घे, घे," साहेब म्हणाले. "आज फक्त संडासाजवळची जागा मागून घे."

मी हवाई सुंदरीला म्हणालो, "नको. मला गहू चालत नाही. आजार आहे."

"मग त्या दिवशी कशाला गिळलंस?"

"तुमच्या लाजेनं. माझी बहीण यानंच गेली, साहेब. मी चारून मारली तिला. हेच दाखवायला, की आम्हालाही गहू पचतो."

"हे मला कशाला सांगतोस?"

"तुम्ही माणसासारखं खायला सांगितलं होतं. आता खातो. वास आला तर तुम्ही उठा."

फडकं सोडलं. चार दिवसांच्या भाकरी, खापरासारख्या कडक. कडाकडा मोडून खाल्ल्या. दोन रांगांनी माना वळवल्या. साहेब खिडकीबाहेर ढग बघत राहिले. वर्षाअखेर माझ्या गोपनीय अहवालात शेरा आला, 'वरिष्ठांशी वागणूक उद्धट'. खरा शेरा होता.

दिल्लीहून परतलो त्याच आठवड्यात रिठदला गेलो. माय तूर निवडत होती. सगळं सांगितलं. गहू, डॉक्टर, गुळाचं पाणी.

"डॉक्टरनं कधी सांगतलं तुले?"

"दीड वर्ष झालं."

"अन् इतके रोज चूप राह्यला? कायले?"

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"म्या आणल्या, तुनं चारल्या. दोघायनं मिळून. आता रडून दाखवू नोको मले. पारबतीच्या नातीचं पोट पाह्य जाय. तसंच हाये."

पारबतीमावशी चार घरं सोडून. नात अंगणात बसलेली. तीन-साडेतीन वर्षांची. काड्यांसारखे हातपाय, तणाणलेलं पोट, हातात रेशनच्या गव्हाची पोळी. मी म्हणालो, मावशे, पोरीचा गहू बंद कर, डॉक्टरले दाखवू.

"आता कुठं लेकराले गव्हाची पोळी भेटून राह्यली," ती उसळली, "अन् तू तोंडातून काढतं? साहेब झाला म्हणून? चाल, नीघ माह्या दारातून!"

वस्ती गोळा झाली. कोणी म्हणालं, नोकरीवाला माजला. लाज मला चांगली ओळखीची. तिनं एकदा हात धरला की मी मुकाट तिच्यामागं जातो, हे तिलाही ठाऊक. या वेळी नाही गेलो.

उंबऱ्यावर बसकण मारली.

"शिव्या दे, मावशे. दगड मार. मी एक लेकरू चारून मारलं हाये, दुसरं चूप राहून मारत नाही. पोरीले सकाळच्या गाडीनं डॉक्टरकडे नेल्याबिगर मी इथून उठत नाही."