काकांचं पान
टेलरकाकूंच्या मशीनवर गंज चढला आणि डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हा दूरदेशी असलेल्या मुलाने त्यांना टॅब पाठवला. त्याला स्वतःला यायला सवड नव्हती, कुरिअरवाल्याला होती.

काकू त्यावर घरच्या फोटोंची पानं सजवू लागल्या. फोटोला लेस, कोपऱ्यात फुलं, खाली दोन ओळी. लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवण्यात जन्म गेलेला, त्यामुळे पडद्यावरची लेसही काठाला काठ जुळेपर्यंत त्या सोडत नसत. पान तयार झालं की घरच्या ग्रुपवर जाई आणि सगळे अंगठे वर करत. नणंद तर फोटो उघडण्याआधीच 'अप्रतिम!' लिहून मोकळी होई. एवढी तत्परता तिने आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

काकांना जाऊन वर्ष झालं. त्या दिवसासाठी काकूंनी आठवडाभर खपून काकांचं पान केलं. त्यांना कौतुक नको होतं, त्याचा तर ग्रुपवर रतीबच लागला होता. कुणीतरी काकांबद्दल दोन शब्द बोलावे, एखादी आठवण सांगावी, एवढंच हवं होतं. एकटीने आठवून आठवून त्या थकल्या होत्या.

पान पाठवलं आणि काकूंनी ते ग्रुपवर उघडून पाहिलं. ॲपमधल्या तयार पानावर नमुन्याचा एक फोटो आधीच असतो. काकांचा फोटो बसवण्याआधीची प्रतच चुकून गेली होती. काकांच्या नावाखाली, नदीकाठी, गवती टोपी घातलेला कुणी तिसराच गृहस्थ खदखदून हसत होता. काकांनी जन्मात टोपी घातली नव्हती, पाण्याला ते घाबरत, आणि कॅमेऱ्यासमोर त्यांचा चेहरा दाढ उपटायला बसल्यासारखा होई.

आता ग्रुपवर बोंबाबोंब होणार, म्हणून काकू जीव मुठीत धरून बसल्या.

'अप्रतिम!' नणंद हजर.

'हुबेहूब दादा! डोळ्यांत पाणी आलं,' धाकट्या दिराने लिहिलं. तेवढ्यावर भागेना म्हणून पुढे ठोकून दिलं, 'वहिनी, हा फोटो मीच काढला होता.'

काकूंना आधी हसू फुटलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. खरा फोटो पाठवायला त्यांनी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. मुलगा अजून काही बोलला नव्हता. तो पोटचा होता, तो तरी बापाला ओळखेल.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आई, काय सुंदर पान केलंस गं!"

"नीट बघितलंस का रे?"

"म्हणजे काय! बाबांचा फोटो मी फोनवरच लावलाय. आता रोज दिसतील."

"कसे दिसतात?"

"खूश दिसतात, आई. असं मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं."

"नसशीलच," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.