सिद्रामअण्णाचं पत्र्याचं विमान

चार माणसं एका छपराखाली बरीच वर्षं एकच काम करत राहिली की किस्से होतातच. ते कुणी मुद्दाम करत नाही. पत्रा कापताना कातरण पडतं तसे ते पडत राहतात, आणि काम संपल्यावर झाडून काढावं म्हटलं तरी निघत नाहीत. परवा कुणीतरी मला म्हणालं, "सोलापुरात कुणी घरच्या गॅरेजात विमान केलं होतं म्हणे. थापा असतील." मला रागच आला. थापा कसल्या? मी होतो की तिथं. बसा, सांगतो.

*

सिद्रामअण्णा मिलच्या वर्कशॉपात फोरमन. मी त्याच मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात. सत्तर साल उलटून गेलं होतं. अण्णाला कडेकडेचं दिसेना म्हणून मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू आहे. औषधानं वेग कमी होईल, पण गेलेली नजर परत येणार नाही. आणि उरलेली पण हळूहळू जाणार."

पुढच्या रविवारी मी तोंड पाडून विजापूर रोडला त्याच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवत गेलो होतो. बघतो तर अण्णानं गॅरेजातली वडिलांची जुनी मोटार बाहेर काढलेली, आणि रिकाम्या फरशीवर भलामोठा नकाशा पसरून हा गुडघ्यावर बसलेला. दोन माणसांच्या छोट्या विमानाचा नकाशा. परदेशातून पोस्टानं मागवलेला.

"नजर जायच्या आत एकदा वरून सोलापूर बघायचंय," अण्णा म्हणाला.

"अरे मग पुण्याला जाऊन विमानाचं तिकीट काढ की."

"पुण्याहून पुणं दिसतंय, दत्ता. मला सोलापूर बघायचंय."

मी पण गुडघ्यावर बसलो आणि नकाशाचं दुसरं टोक धरलं.

*

पत्र्याचं काम करायला मलिकभाई आला. त्याचं ट्रंकांचं दुकान होतं. लग्नात मुलीला देतात त्या फुलं रंगवलेल्या ट्रंका. पत्रा त्याच्या हातात कापडासारखा वळायचा. विमानाचा पत्रा अल्युमिनियमचा, तो बघून मलिकभाई आधी तोंड वाकडं करून म्हणाला, "ये तो बहोत नाजूक है अण्णा." पण आठवडाभरात त्याला तो पत्रा आवडायला लागला.

सीटच्या मागं सामान ठेवायची एक जागा होती, तिला झाकण करायचं होतं. अण्णानं ते काम मलिकभाईवर सोपवलं आणि आम्ही दोघं कामावर गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर झाकण एकदम सुरेख. कडा दुमडलेल्या, कोपरे गोल. आणि त्यावर कडी, कोयंडा आणि पितळी कुलूप.

अण्णानं कुलूप धरून हलवून बघितलं. "मलिक, हे कुलूप कशाला?"

"क्या अण्णा, सामान रखते सो जगा कू ताला नक्को?"

"अरे वर आभाळात कोण चोर येतोय?"

मलिकभाई शांतपणे म्हणाला, "आतेच नै बोलके कौन बोल्या? तुम गए थे क्या उप्पर?"

कुलूप तेवढं काढलं. कडी-कोयंडा राहिला. वजन जास्त होतंय असं मी म्हणालो, पण अण्णानं ऐकलं नाही.

*

पत्रे जोडायचे रिव्हेटनं. त्याला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून ठोकायचं, दुसऱ्यानं आतून लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या बुडाला दाबून धरायचा. मध्ये पत्रा, त्यामुळं एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि आवाज एवढा की बोललेलं कळत नाही. म्हणून ठोकळेवाल्यानं आतून टकटक करून सांगायचं. एक टक म्हणजे अजून ठोक. दोन म्हणजे झालं, बरोबर बसलाय. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक.

शेपटीकडच्या निमुळत्या भागात आम्हा पुरुषांपैकी कुणीच मावेना. शेवटी अण्णाची बायको, नीलव्वा वहिनी, पदर खोचून आत शिरल्या. त्यांचा या उद्योगाला विरोध होता, तरी त्या शिरल्या. आतून त्यांचा हात असा पक्का की मलिकभाईनं पण मान डोलावली.

एक दिवस सकाळीच नवराबायकोचं बिनसलं होतं. अण्णा म्हणत होता, मी स्वतः चालवायला शिकणार. वहिनी म्हणत होत्या, कमी दिसणाऱ्या माणसानं वर जाऊन मरायचं असेल तर मला आधी माहेरी सोडा. तसलंच रागातलं बोलणं. मग दुपारी दोघं कामाला लागले, एक शब्द न बोलता. ठोक, टक. ठोक, टकटक.

मध्येच अण्णानं हातोडा थांबवला, पत्र्याला तोंड लावलं आणि विचारलं, "मी चालवलं तर चालेल का?"

आतून टक, टक, टक.

अण्णानं ड्रिल उचललं आणि नुकताच बसवलेला रिव्हेट काढून टाकला. रिव्हेट चांगला बसला होता, मी हातात घेऊन बघितला.

*

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. त्या दिवशी हातोडीला पण हात लावायचा नाही. वर्कशॉपात, गॅरेजात, सगळीकडं झेंडू. अण्णाच्या सासूबाई अक्कलकोटहून आल्या होत्या. त्यांनी विमानाला विभूतीचे पट्टे ओढले, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली. इथपर्यंत ठीक. मग नवीन ट्रक घरी आल्यावर फोडतात तसा त्यांनी नारळ उचलला. पण फोडायचा कशावर? ट्रकला पुढं जाड लोखंडी बंपर असतो. विमानाला नाक असतं.

"छलो आतु," नारळ फुटल्यावर सासूबाई कानडीत म्हणाल्या. चांगलं झालं.

नाकाच्या पत्र्याला वाटीएवढा पोचा पडला होता. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. अण्णा हळूहळू पुढं आला, तिथं तळहात फिरवत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखं हसू आलं.

"खरंच पोचा हाय का? बरं झालं. मला वाटलं, माझ्या डोळ्यातच हाय."

*

त्यानंतर अण्णाची नजर भराभर उतरत गेली. भोकं रेघेवर पडेनात. मी आणि मलिकभाईनं आपसात काही ठरवलं नव्हतं, पण पत्र्यावर रेघा मारायचं काम मलिकभाईकडं होतं आणि त्या रेघा दर महिन्याला जाड व्हायला लागल्या. आधी पेन्सिलीच्या, मग खडूच्या काडीएवढ्या.

एकदा अण्णा पत्र्यावर अगदी नाक टेकवून बघत होता. म्हणाला, "मलिक, रेघा लई जाड यायला लागल्यात."

मलिकभाई माझ्याकडं न बघता म्हणाला, "पेन्सिल बोथट हो गई अण्णा."

अण्णा सरळ उभा राहिला. चष्मा काढून पुसला. "मग तिला टोक काढू नकोस."

*

फ्लाइंग क्लबच्या डॉक्टरनं अण्णाला चालवायला शिकायची परवानगी दिली नाही. देणार तरी कशी? आम्हाला वाटलं, आता हा गॅरेजला कुलूप लावणार. दोन दिवस तो गॅरेजकडं फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तर नवराबायको रिव्हेट मारत होते.

मला बघून अण्णा म्हणाला, "चालवणारा दुसरा मिळतोय की रं. बघायला दुसरा कसा पाठवू?"

*

विमान पुरं झालं. इंजिन बसलं. तपासणीला साहेब लोक आले, गेले, परत आले. दिल्लीची परवानगी यायला एवढा वेळ लागला की तोपर्यंत अण्णाला फक्त उजेड आणि सावली कळत होती. हात धरल्याशिवाय तो जिना उतरत नव्हता. ही गोष्ट आम्हाला ठाऊक, वहिनींना ठाऊक. तोंडानं कुणी बोलत नव्हतं. अण्णा तर नाहीच.

विमान ट्रकवर चढवून होटगी रस्त्याच्या धावपट्टीवर नेलं. चालवायला एक रिटायर्ड कॅप्टन आले होते. भला माणूस. त्यांनी आधी एकट्यानं उडवून बघितलं, दोनदा, मग अण्णाला शेजारी बसवून पट्टा बांधला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "शहरावर जायची परवानगी नाही. मी इथंच मैदानावर, होटगीच्या बाजूला एक फेरी मारून खाली येतो." हे अण्णाला सांगायला माझी जीभ उचलली नाही.

विमान उडालं. मलिकभाई मान वर करून दुवा पुटपुटत होता. वहिनी मात्र वर बघत नव्हत्या, त्या समोरच्या रिकाम्या धावपट्टीकडं बघत उभ्या होत्या. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही. विमान होटगीकडं गेलं, शेतांवरून वळलं आणि हलक्या हातानं खाली उतरलं. शहर लांब उत्तरेला राहिलं.

अण्णाला आम्ही हात देऊन उतरवला. त्याचा चेहरा असा उजळला होता की बघवेना. वहिनी पुढं आल्या. त्यांनी विचारलं, "दिसलं का हो सोलापूर?"

"सगळं दिसलं," अण्णा म्हणाला. "तळं दिसलं. तळ्यातलं देऊळ दिसलं. किल्ला, मिलची चिमणी, स्टेशन. आपलं घर पण दिसलं की. गच्चीवर तुझं हिरवं इरकल वाळत होतं."

कॅप्टननी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

वहिनींकडं हिरवं इरकल एकच होतं, आणि ते नेसूनच त्या अण्णासमोर उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, अण्णाचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "व्हय. सकाळीच धुऊन टाकलंय."