बिनतेलाचं वर्ष

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस लोकांना दिसतो तो लिफ्ट बंद पडल्यावरच. एरवी तो इमारतीच्या माथ्यावर, गच्चीच्याही वरच्या मशीन रूममध्ये असतो. चार भिंती, एक मोटर, जाड तारांचे दोर आणि ग्रीसचा वास. आमचा माणूस अशा खोल्यांमध्ये वीस-पंचवीस वर्षं राबला होता. हात इतका सफाईदार की आवाजावरून बिघाड ओळखायचा. अंगाने मात्र भलताच पसरलेला. लिफ्टला तोल म्हणून दुसऱ्या टोकाला लोखंडी लाद्या लटकवलेल्या असतात, त्यांना काउंटरवेट म्हणतात. बरोबरचे कामगार त्यालाच काउंटरवेट म्हणायचे. "याला दोराला बांधा आणि लाद्या भंगारात घाला," असं कुणी म्हटलं की तोही सगळ्यांबरोबर हसायचा. त्याला खरंच हसू येतं की नाही, हे कुणी कधी विचारलं नाही.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याच्या रक्तातली चरबी वाढलेली निघाली. डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांना समोर बसवलं.

"ट्रायग्लिसराइड्स फार वर गेलीत. तेलकट कमी करा, लोणी-साय कमी करा, वजन उतरवा," ते म्हणाले. बायको उठून फाइल पिशवीत कोंबत होती, तेव्हा डॉक्टरांनी पाठीमागून जोडलं, "आणि गोड, मैद्याचंही जपून." बायकोच्या कानावर ते पडलं नाही. त्याच्या पडलं.

बायको पडदे शिवायची. बाजारातल्या एका मोठ्या दुकानात मागच्या बाजूला तिचं मशीन होतं. कापड मोजून फाडावं तसा तिचा स्वभाव, एकदा ठरलं की ठरलं. त्या दिवशी घरी येताच तिने लोण्याचा डबा शेजारणीला दिला, तेलाची बाटली आणणंच बंद केलं, दाणे, अंडी, मासे यांच्यावर काट मारली. भाज्या पाण्यात शिजू लागल्या. सकाळी पाव आणि जॅम, कारण जॅमला तेल नसतं. दुपारच्या डब्यात उकडलेली भाजी आणि भात.

"कमी करा म्हणाले होते, बंद नाही," तो एकदा भीत भीत म्हणाला.

"कमी-जास्तीच्या नादात माणसं जातात. तुमचं काही झालं तर मी काय करू?"

आणि तीही तेच खाऊ लागली. "तुम्ही असलं बेचव खाणार आणि मी समोर बसून चमचमीत खाऊ? घशाखाली उतरेल का माझ्या?"

पहिले काही दिवस त्याने निभावलं. पण चरबी नसलेलं जेवण पोटात टिकत नाही. तेल, लोणी, दाणे जेवणाला पोटात थोपवून धरतात, पोट सावकाश रिकामं होतं आणि भूक उशिरा लागते. जॅम-पाव तसा थांबत नाही. रक्तात साखर भरकन चढते, तशीच उतरते, आणि माणूस पुन्हा हपापल्यासारखा होतो. हे सगळं त्याला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की दहा वाजता शिडीवर चढताना हात थरथरतात, पोटात कावळे ओरडतात आणि डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही येत नाही.

मग कोपऱ्यावरच्या टपरीवर एक गोड पाव आणि भरपूर साखरेचा चहा सुरू झाला. मग बिस्किटं. एका पुड्यावर ठळक अक्षरात 'फॅट-फ्री' लिहिलेलं त्याने वाचलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तेल नाही ना यात? मग बायकोचा शब्द कुठे मोडला? कामाजवळच्या दुकानातून तो असे दोन-दोन पुडे विकत घेऊ लागला, सोबत थंड गोड पाण्याची मोठी बाटली. मशीन रूमचं दार आतून लावायचं, मोटरच्या घरघरीत उभ्यानेच खायचं, ग्रीस पुसायच्या चिंध्यांनीच जमिनीवरचा भुगा टिपायचा, पुड्याचे कागद बारीक घडी करून खालच्या मजल्यावरच्या कचऱ्यात टाकायचे. एकदा कामावरच्या जोडीदाराने बाहेरून दार ठोठावलं, तेव्हा तोंडात कोंबलेलं बिस्किट त्याने न चावता गिळलं आणि बराच वेळ खोकत राहिला.

"काय झालं रे?"

"धूळ," तो म्हणाला.

इतक्या मोठ्या वयाचा, कामावर दुसऱ्यांना चार शब्द सांगणारा माणूस, पोरासारखा लपून खातो याची त्याला इतकी लाज वाटायची की ती विसरायला तो आणखी एक पुडा फोडायचा. घरी गेल्यावर बायको विचारायची, "भूक लागली असेल ना फार?" आणि तो नाही म्हणून मान हलवायचा. ती कौतुकाने शेजारणींना सांगायची, "यांचा निग्रह बघा. तेलाचा थेंब नाही महिनोन्महिने."

पुढच्या वार्षिक तपासणीला ती नवी साडी नेसून आली होती. कौतुक ऐकायलाच म्हणा ना.

डॉक्टरांनी कागद दोनदा उलटापालटा करून पाहिले. "हे तर दुपटीच्या घरात गेलंय. यकृतावरही चरबी दिसतेय. वजनही वाढलंय." मग चष्म्यावरून बायकोकडे बघत म्हणाले, "बाई, घरात स्वयंपाक तुम्हीच करता ना? काय घालता नक्की?"

"थेंबभर तेलही नाही, डॉक्टर. देवाशपथ."

"सगळे असंच म्हणतात. पण रक्त खोटं बोलत नाही."

तिचा चेहरा उतरला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मदतीसाठी. तो भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे बघत होता. सगळ्यात खालची ओळही त्याला वाचता येत होती.

"असंच चाललं तर लिफ्टच्या शाफ्टमधलं काम बंद करावं लागेल तुमचं," डॉक्टर म्हणाले. तेव्हाही तो तक्त्याकडेच बघत होता.

रस्त्याने ती फाइल छातीशी धरून चालत होती. मग म्हणाली, "भांड्यांना जुनं तेल लागलेलं असेल का हो? मी सगळी सोड्याने घासते."

तेव्हा सांगता आलं असतं. पण तिचं ते वाक्य ऐकून तर सांगणं आणखीच जिवावर आलं. आधी पुडे लपवायचे होते, आता पुड्यांमागचा माणूस लपवायचा होता.

बातमी ताईला कळली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. भावावर जीव आणि भावजयीवर नजर. ती आली, सरळ स्वयंपाकघरात शिरली, कढई नाकाशी नेऊन हुंगली, डबे उघडून पाहिले.

"कुठे लपवतेस गं तेल?"

"ताई, खरंच नाही हो घरात."

"मग काय हवेने सुजतो माझा भाऊ? चवीसाठी चोरून घालत असशील. जिभेचे चोचले तुझे आणि मरण त्याचं."

तो बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसला होता. मधे दारही नव्हतं, नुसता पडदा, बायकोनेच शिवलेला. प्रत्येक शब्द त्याला ऐकू आला. त्याने फक्त पेपरचं पान उलटलं, वाचतोय असं वाटावं म्हणून. पुढे कित्येक दिवस सगळं आठवून झालं तरी त्याला ते पान उलटणंच जास्त डाचायचं.

त्यानंतर बायकोने दूधही बंद केलं. ती मुळात काटकुळी, आता गालफडं बसली. कातडी फुटायला लागली, फणीत केसांचे पुंजके यायला लागले, बसल्या जागी थंडी वाजायची. मशीनवर बसून गुडघे-पाठ दुखतात म्हणायची. एका घरात, एकाच भांड्यातलं जेवण. त्याच्या अंगावर मांस चढत होतं आणि तिच्या अंगावरचं उतरत होतं. तिला वाटायचं, वय झालं. तो बघायचा आणि बघितलं न बघितलं करायचा.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाइकाला पडदा लावून दाखवताना ती बुटक्या स्टुलावरून घसरली. टेकवलेला हात मनगटात मोडला. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावं याचं हाडांच्या डॉक्टरांना नवल वाटलं. त्यांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच, बाकीचाही खडखडाट. त्यांनी दोघांना आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

या बाई आवाज न चढवता बोलणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, "दिवसभरात काय खाता ते सांगा. काल काय खाल्लं, अगदी सकाळपासून."

बायकोने सांगितलं. सांगताना तिचा आवाज ताठ झाला, कारण एवढ्या एका बाबतीत तिच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो, चरबी म्हणजे काही विष नाही. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं तिच्याबरोबरच अंगात उतरतात. ती नसेल तर भाजी खाऊनही त्यातलं बरंचसं वाया जातं. कातडीला, मेंदूला, सगळ्यांना ती लागते. थोडं चांगलं तेल, दाणे, अंडी, मासे, हे खायलाच हवं. त्यात तुम्ही दिवसभर दुकानाच्या आत, ऊनही अंगाला लागत नाही. किती दिवस चाललंय हे?"

"यांच्यासाठी," ती म्हणाली. "यांची चरबी वाढली म्हणून. पण माझ्याच हातून काहीतरी चुकतंय. इतकं करून यांचं वाढतच गेलं."

बाई त्याच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्ही काल काय खाल्लं?"

"तेच की," बायकोच बोलली. "मी देते तेच. बाहेरचं शिवत नाहीत."

प्लास्टरमधला हात तिने मांडीवर असा ठेवला होता जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. त्याने तिकडे बघितलं आणि त्याला बसवेना.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"मी बाहेर खातो. रोज. बिस्किटं, गोड पाव, ते बाटलीतलं गोड पाणी. वर मशीन रूममध्ये. दार लावून." तो थांबला नाही, थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "पहिल्यापासून. डॉक्टर हिला बोलले तेव्हाही. ताई बोलली तेव्हाही. मला ठाऊक होतं सगळं."

आहारतज्ज्ञ बाईंनी उगाच कागद सारखे केले.

"जास्तीची साखर आणि मैदा यकृत चरबी करूनच रक्तात सोडतं," त्या शेवटी हळूच म्हणाल्या. "तुमचे आकडे त्यानेच वाढले असणार. बाईंच्या स्वयंपाकाने नाही."

बायको उठली. दाराशी जाऊन एका हाताने पिशवी खांद्यावर घेण्याची खटपट करू लागली. तो मदतीला गेला तर बाजूला सरकली. घरापर्यंत ती दोन पावलं पुढेच चालत राहिली. जिन्यात मात्र थांबली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं, मला साधी भाजी उकडता येत नाही."

रागावली असती, भांडी आपटली असती तर त्याला हलकं वाटलं असतं. ती रागावली नाही. पुढे कितीतरी दिवस ती कामापुरतं बोलायची. जेवायलाही त्याच्या आधी किंवा नंतर बसायची.

तो ताईकडे गेला. सगळं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "भला आहेस रे तू. बायकोचं पाप अंगावर घेतोयस."

"ताई, खरं सांगतोय मी."

"मी वाढवलंय तुला. तू खोटं बोलतोस ते मला कळतं."

यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं. आपल्याला भला म्हणवून घेऊन घरी परतायचं, हे त्याला जमेना. त्याने तिला चप्पल घालायला लावली आणि कामाच्या इमारतीजवळच्या दुकानात नेलं. तो पायरी चढला मात्र, दुकानदाराने न विचारता मागच्या फळीवरून दोन पुडे काढून काउंटरवर ठेवले, वर बाटली ठेवली.

"आजारी होता की काय? बरेच दिवस दिसला नाहीत. तुमच्या जिवावर तर हा माल ठेवतो मी," दुकानदार हसत म्हणाला.

ताई पुड्यांकडे बघत राहिली. मग भावाकडे. त्याचे कान लाल झाले होते, मान छातीला टेकली होती. ती पायरी उतरली, आणि आपल्या घराकडे न वळता त्याच्या घराकडे चालू लागली.

भावजयीसमोर तिला धड माफी मागता आली नाही. "हात कसा आहे?" एवढंच विचारलं. मग जमिनीवर बसली, सुरी ओढली आणि समोरची सगळी भाजी चिरून ठेवली, उद्याचीसुद्धा. जाताना म्हणाली, "माझ्याही जिभेला काही हाड नाही बघ." भावजय म्हणाली, "बसा, चहा घेऊन जा." ताई थांबली.

प्लास्टर असेपर्यंत स्वयंपाक त्याच्याकडे आला. ती खुर्चीवर बसून सांगायची, तो करायचा. तेल चमच्याने मोजून, सकाळी जॅमऐवजी अंडं, डब्यात मूठभर दाणे, आठवड्यातून दोनदा मासे. गोड पाणी त्याने सोडलं, पण सहज नाही. पहिले दिवस डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, आणि दुकानावरून जाताना तो रस्ता ओलांडून पलीकडून चालायचा. हळूहळू दुपारपर्यंत भुकेची आठवण होईना. कामावर त्याने जोडीदारालाही खरं काय ते सांगितलं. जोडीदार हसला नाही, हेच त्याला जड गेलं.

पुढच्या तपासणीत आकडे उतरले होते, पार खाली नाही, पण उतरणीला लागले होते. बायकोला नेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास, बाईंनी मनावर घेतलेलं दिसतंय." तेव्हा तो म्हणाला, "बाईंनी पहिल्यापासूनच घेतलं होतं. चोर मी होतो." डॉक्टरांनी नुसती मान डोलावली.

मनगट बरं झाल्यावर एका संध्याकाळी तिने दोन ताटं एकत्र मांडली. समोर बसली. भाजी वाढली, वर चमचाभर तेल सोडलं, आणि पळी हातात धरून थांबली.

"पुरेल एवढं?" तिने विचारलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

त्याला खाली बघावंसं वाटलं, पण त्याने बघितलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "अजून थोडं वाढ."