काकांचा दहावा नंबर

आमच्या काकांनी मला आजवर जेवढे धक्के दिले, तेवढे त्यांच्या गुलमंडीतल्या दुकानातल्या उघड्या वायरींनीही दिले नसतील. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पूर्वी त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि आमची निम्मी शाळा तिथेच भरली. पुढे दुकान बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली. आता घरच्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम घालून हा सत्तरीतला माणूस रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून राक्षस मारायला बसतो. त्या खोलीत चप्पल चालत नाही. खेळ चालू असताना शिंकायची सोय नाही. एकदा शेवटच्या टप्प्यात मावशी "पोहे गार व्हायलेत" एवढंच म्हणाली, तर काकांनी आठवडाभर पोहे सोडले.

त्यांची एकच इच्छा राहिली होती. आपला खेळ रेकॉर्ड करून इंटरनेटवरच्या जुन्या खेळाडूंच्या मंडळाकडे पाठवायचा आणि त्यांनी तो मान्य करायचा. तीन वेळा पाठवला, तिन्ही वेळा परत आला. घरातला कॉम्प्युटरवाला म्हणून मला बोलावणं आलं. दोष मला लगेच सापडला. हे रेकॉर्डिंग चित्राचं नसतं, कुठलं बटण कधी दाबलं याचं असतं. बघणाऱ्याकडे तीच बटणं पुन्हा दाबली जातात. सुरुवातीला दोन्हीकडे यंत्राची मेमरी कोरी नसेल तर सगळा मेळ हुकतो आणि काकांचा पहिलवान तिकडे भिंतीलाच गुद्दे मारत बसतो.

"मेमरी कोरी करा, काका."

"नाय."

"अहो, दुसरा उपाय नाही."

"नाय म्हंजी नाय. तुला नाय कळायचं."

म्हाताऱ्याचा हट्ट, असं मी मनात म्हटलं. मावशीने हाक मारली म्हणून ते आत गेले, तेवढ्यात मी मेमरीची फाइल उडवून टाकली. रेकॉर्डिंगपुरतं एक वेगळं, रिकामं फोल्डर दिलं असतं तरी भागलं असतं, हे मला नंतर सुचलं. काका आले, खेळ चालू केला. पहिल्या दहा खेळाडूंची यादी पडद्यावर आली, तीही कोरी, आणि ते उभेच राहिले.

"नावं कुठंयत रं?"

मग त्यांनीच सगळं सांगितलं. ती यादी दुकानातल्या भंगारात गेलेल्या यंत्रावरची होती, काकांनी घरी खेळून पुन्हा जमवलेली. पहिला दौलताबादहून सायकलवर येणारा रशीद, दुसरा गॅरेजवाला गणू, अशी दहा पोरं. प्रत्येकाच्या गुणांचा आकडा काकांना पाठ होता. तो आकडा गाठायचा, तिथेच मुद्दाम मरायचं आणि त्याच्या नावाची अक्षरं टाकायची. शंभर जास्त झाले की परत पहिल्यापासून. दोन वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या नावाने मरत होता. रशीद तर आता या जगातही नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आता मेमरी कोरी आहे, काका," मी चाचरत म्हणालो. "रेकॉर्डिंग तरी करून घ्या."

"ऱ्हाऊ दे ते." त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "दहावा तू होतास. तुझं नाव तूच टाक."

चौथीतला माझा आकडा दुपारपर्यंत मला गाठता आला नाही. मी पुन्हा पुन्हा मरत होतो आणि काका शेजारी स्टुलावर बसून होते. मावशीने पोहे आणून ठेवले, तेही ते मुकाट्याने खात होते.

"लई घाई करतोस," ते म्हणाले. "सावकाश खेळ. बाकीचे नऊ अजून माझ्याकडं हायेत."