उठून राह्यला

या सदरातले अनुभव मी वाचते आणि बरेचदा हसते. चिंचेवर बाई दिसली, मागून कोणी हाक मारली... अशाच चिंचेखाली सरपण वेचत मी लहानाची मोठी झाले, मला कधी कोणी दिसलं नाही. आम्ही ख्रिस्ती. शेजारीण विचारायची, "तुमच्यात तं मेलेला उठते म्हणता, मंग भूत काऊन मानत नाई वं?" मी म्हणायची, "उठला तो एकच. बाकीचे पडून आहेत." खरं सांगायचं तर त्या एकाबद्दलही माझी खात्री राहिली नव्हती.

माझी शाळा चौथीपर्यंत. संपादकांनी शुद्धलेखन खुशाल सुधारावं. फक्त एक वाक्य सुधारू नये. कोणतं, ते कळेलच.

आमचं घर सिंदी मेघेला. ईस्टरला उजाडायच्या आत मंडळी कब्रस्तानात जमते. पाद्री मोठ्यानं म्हणतात, "प्रभू उठला आहे!" सगळ्यांनी जबाब द्यायचा, "खरोखर उठला आहे!" असं तीनदा.

आमची रूथ, घरी रुती, उशिरा झालेली. पाच वर्षांची असताना बाबांचं बोट धरून पहिल्यांदा गेली. सगळ्यांचा जबाब देऊन झाला आणि मागून हिचा एकटीचा आवाज, "खरंच उठून राह्यला!" लोक हसले. संडेस्कूलचे गुरुजी म्हणाले, "अगं, उठला आहे, म्हण. उठून राह्यला म्हणजे अजून अंथरुणातच."

ही म्हणते, "मंग उठाले वेळ लागत नाई का? आमच्या बाबाले पाहा किती लागते!"

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, आणि दर वेळी सगळ्यांच्या मागून, एक श्वास उशिरा. गुरुजींनी नाद सोडला.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मेंदूज्वर. सोमवारी शाळेत गेलेली पोरगी शुक्रवारी पुरली. जास्त लिहीत नाही.

त्यानंतर मी चर्चला जात राहिले, कारण नाही गेलं तर लोक घरी येतात. पण ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानात गेले नाही. रुतीचे बाबा एकटे जायचे. मग त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, खाट धरली. ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांचं अंग पुसत होते, तर म्हणाले, "यंदा तू जाय. माया वाटचा जबाब देऊन ये."

"मले नाई जमत."

"काऊन?"

"पोरगी मातीत अन् मी म्हणू, उठला?"

"म्हण. मी बी जाईन आता. मंग तू कोणाच्या भरवशावर राहशीन वं? तुले काईतरी पायजे ना."

दिवसभर त्यांना उचलून-वळवून माझी पाठ गेली होती. वाद घालायला ताकद नव्हती. म्हटलं, जाईन. मनात ठरवलं, तोंड उघडायचं नाही. घरी येऊन सांगायचं, देल्ला जबाब.

गेले. पंधरा-वीस म्हातारी माणसं. पोरं नव्हतीच. ती नंतर नवे कपडे घालून नऊच्या उपासनेला येतात. मंडळीतल्या मार्थाबाईनं पाहिलं आणि म्हणाली, "आली का वं! आज सूर्य कुठून निघते?"

"अजून निघाला नाई. निघाला की पाहू."

कडुनिंबाला मोहोर होता, गार वास येत होता. पाद्री नवे, नगरकडचे, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. मी ओठ मिटून उभी. तिसऱ्यांदा म्हटलं, सगळ्यांनी जबाब दिला, सगळे थांबले—

आणि माझ्या मागून, एक श्वास उशिरा... "खरंच उठून राह्यला!"

मागे रुतीची कबर होती. मी वळले नाही. भ्याले म्हणून नाही. वळून पाहिलं आणि काहीच नसलं तर?

आधी वाटलं, डोकं फिरलं, जागरणं फार झाली. पण उपासना संपल्यावर पाद्री माझ्याकडे आले. म्हणाले, "आई, तुमच्या मागं कोण मुलगी होती? 'उठून राह्यला' म्हणाली. गोड वाटलं. इकडं असंच म्हणतात का?"

मी म्हटलं, "नाई. इकडे बी चूकच आहे ते."

त्यांना रुतीबद्दल कोणी काही सांगितलं होतं का, ते मी नंतर खोदून विचारलं. नव्हतं सांगितलं. मार्थाबाईला काही ऐकू आलं नाही, पण तिला चर्चची घंटाही ऐकू येत नाही. दुसरा एक म्हणाला कोकिळा असेल. भिंतीपलीकडे वीटभट्टीवाल्यांच्या झोपड्या आहेत, पण ते छत्तीसगडचे. त्यांच्या पोरांना हा जबाब कुठून ठाऊक?

घरी आले तेव्हा हे दाराकडे डोळे लावून पडले होते. "देल्ला जबाब?"

खोटं तयार होतं. पण तोंडातून निघालं, "मी नाई देल्ला. तुमच्या पोरीनं देल्ला." आणि सगळं सांगितलं.

ते अर्ध्या तोंडानं हसले. "म्हणजे अजून बी शुद्ध बोलता नाई येत तिले." थोड्या वेळानं, "तिचं झालं. तुयं काय?"

मी चुलीवरून उतरवलेली चहाची गंजी हातात घेऊन उभी होते. म्हटलं, "खरंच उठून राह्यला. घ्या, चहा घ्या."

ते पावसाळ्याआधी गेले. शांत गेले.

पाद्री लोक विजय विजय म्हणतात. मला वाटायचं, विजय म्हणजे ढोल-ताशे असतील. 'उठला आहे' म्हणजे काम संपलं, आणि माझं तर कधीच काही संपलं नाही. 'उठून राह्यला' मात्र कळतं. माझे गुडघे रोज सकाळी तेच करतात.

तो आवाज कुणाचा, कुठून आला, मला माहीत नाही. पुन्हा कधी ऐकू आला नाही. पण दर ईस्टरला मी जाते, सगळ्यांचं होऊ देते आणि मग मागून एकटी म्हणते. लोक वळून बघतात. बघू देत.

तेव्हा संपादक, बाकी सगळं शुद्ध करा. रुतीचं वाक्य तेवढं राहू द्या. गुरुजी थकले, ती सुधारली नाही.